बोटं चुकतील त्या दिवशी

अप्पांनी आम्हा दोघा भावंडांना शब्द दिला होता. "ज्या दिवशी माझी बोटं चुकतील, त्या दिवशी तुम्ही म्हणाल तिथे येईन. तोपर्यंत हा विषय पुन्हा काढायचा नाही." तिथे म्हणजे वडाळ्याला, माझ्या धाकट्या भावाच्या फ्लॅटवर. आणि विषय म्हणजे ठाकूरद्वारची खोली सोडण्याचा. आई गेल्यापासून आमचे वडील त्या खोलीत एकटेच राहत होते.

बोटं म्हणजे टायपिंगची. अप्पा फोर्टात एका वकिलांच्या कचेरीत मराठी टायपिस्ट होते. गिरगावातल्या टायपिंग क्लासात मास्तरांनी त्यांना बटणांवर पुठ्ठ्याचं झाकण घालून शिकवलं होतं. त्यामुळे बटणांकडे बघून टाइप करणारा माणूस त्यांच्या लेखी अडाणी. त्यात मीही आले. मी दादरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबमध्ये असिस्टंट आहे, दिवसभर कीबोर्ड बडवते, पण दोन बोटांनी आणि मान खाली घालून. "कोंबडी दाणे टिपते तशी टाइप करतेस," असं ते म्हणायचे, आणि ते खरंही होतं.

कचेरीतून आल्यावरचं त्यांचं काम म्हणजे वाडीच्या रहिवासी संघाचं चिटणीसपद. पाणी कधी जाणार, सत्यनारायण कधी, कोण वारलं, सभा कधी, हे सगळं वाडीच्या तोंडाशी लावलेल्या फळ्यावर कळायचं, आणि फळ्यावरचा प्रत्येक कागद अप्पांनी टाइप केलेला असायचा. आमच्या वाडीत कोणी कोणाचं ऐकत नसे, पण फळ्याचं सगळे ऐकत. पुढे टाइपरायटरच्या रिबिनी मिळेनाशा झाल्या तेव्हा भावाने आपला वापरलेला लॅपटॉप त्यांना दिला आणि लॅमिंग्टन रोडवरून मराठी टायपिंगचं एक सॉफ्टवेअर आणून त्यात घातलं. त्यात प्रत्येक अक्षर टाइपरायटरवर असायचं त्याच जागी होतं. अप्पांच्या बोटांना यंत्र बदलल्याचा पत्ताही लागला नाही.

मग ते विसरायला लागले. सुरुवातीला आम्ही हसण्यावारी नेलं. चष्मा डोक्यावर आणि शोध घरभर, हे कोणाच्या घरी होत नाही? पण एकदा ते दूध आणायला म्हणून गेले आणि मुगभाटात उभे राहून केव्हाच बंद झालेल्या डेअरीचा पत्ता विचारताना सापडले. दोनदा गॅस चालू राहिला. डॉक्टर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "सुरुवात आहे." अप्पांनी ते ऐकलंच. कान त्यांचे शेवटपर्यंत तिखट.

घरी आल्यावर भावाने वडाळ्याचा विषय काढला तेव्हा त्यांनी ती बोटांची अट घातली. रोज सकाळी चहा झाला की ते लॅपटॉपपुढे बसायचे, डोळे मिटायचे आणि सभेच्या नोटिशीचा ठरलेला मजकूर टाइप करायचे. 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की' पासून थेट शेवटच्या वाक्यापर्यंत. ते शेवटचं वाक्य मला लहानपणापासून पाठ आहे: 'गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येची अट राहणार नाही.' मग डोळे उघडून ते मजकूर वाचायचे. एकही चूक नसेल तर मला फोन. "आज शाबूत," एवढंच म्हणून ठेवून द्यायचे. मी परळहून दादरला चालत जात असताना तो फोन यायचा. चित्रा सिनेमाच्या आसपास माझा जीव भांड्यात पडायचा.

भाऊ म्हणायचा, हे काय माप झालं? मला मात्र ते पटलं होतं. खरं सांगायचं तर मला सोयीचं होतं. बाप एकटा राहतो ही टोचणी दिवसभर पुरते, आणि त्यावर रोज सकाळी दोन शब्दांचा उतारा मिळत होता.

वाडीची अवस्था तेव्हा अशी होती की बिल्डरने निम्म्याहून जास्त बिऱ्हाडं हलवली होती. रिकाम्या खोल्यांच्या दारांवर लाल रंगाने आकडे घातले होते. आमच्या मजल्यावर संध्याकाळी दोनच खोल्यांत दिवा लागायचा, अप्पांच्या आणि टोकाच्या काकूंच्या. फळा जागेवर होता, पण त्यावर लावायला काही नव्हतं आणि वाचायलाही कोणी नव्हतं.

त्यात एके दिवशी अप्पांचा फोन आला, "नोटीस आलीय."

मला वाटलं बिल्डरची. ती लॅपटॉपची निघाली. सकाळी यंत्र चालू केलं की पडदाभर निळा मजकूर यायचा: या सिस्टिमची मुदत संपत आहे, आपला संगणक नव्या आवृत्तीसाठी पात्र नाही. आपण असलं काही वाचतो आणि फुली मारून पुढे जातो. अप्पांना ते जमेना. जन्मभर नोटिसा काढलेला माणूस. त्यांच्या हिशेबी नोटीस आली म्हणजे उत्तर द्यायला हवं. "पात्र नाही म्हणतायत," ते रोज सांगायचे. "का नाही, ते लिहिलेलं नाही."

मोठ्या कंपन्यांवर माझा जुना राग आहे. धडधाकट चालणाऱ्या यंत्राला म्हातारं ठरवायचं, मग त्याला भंगारात जायला लावायचं आणि वर सौजन्याने कळवायचं. लॅबमधली असली बाद ठरलेली यंत्रं मी लिनक्सवर नेली होती. ती फुकटची सिस्टिम, कोणा एकाच्या मालकीची नाही, आणि ती यंत्रं पोरांच्या हाणामारीत अजून चालतायत. मी म्हटलं, अप्पांच्या लॅपटॉपवरही तेच करू. नोटीस बंद होईल, यंत्र पळेल आणि कोणाच्या बापाला घाबरायला नको.

एका रविवारी दुपारी मी पेनड्राइव्ह घेऊन ठाकूरद्वारला गेले. अप्पा शेजारी खुर्ची ओढून बसले.

"फुकट कोण देतं?" त्यांनी विचारलं.

"जगभरातली माणसं आपापल्या वेळात बनवतात आणि सगळ्यांसाठी उघडी ठेवतात. कोणीही बघावी, कोणीही दुरुस्त करावी."

"म्हणजे वर्गणी न काढता चाललेला संघ."

"तसंच काहीसं."

"मग चिटणीस कोण?"

मला हसू आलं. त्यांना ते पटेना. चिटणीस नसलेला संघ त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. पण पडद्यावर काय काय सरकतंय ते मान लांब करून बघत राहिले, मध्येच उठून त्यांनी चहा टाकला आणि या वेळी गॅसही बंद केला. ते मी मुद्दाम पाहिलं.

मी सगळं काळजीपूर्वक केलं होतं, हे सांगायलाच हवं. जुन्या नोटिसांचे पीडीएफ करून वेगळे ठेवले. आईचे फोटो दोन ठिकाणी उतरवले. जुनी सिस्टिम पुसली, नवी घातली, अक्षरं मोठी केली, पडद्यावर नको ती चित्रं काढून टाकली. शेवटी मराठी चालतं का ते बघायला माझ्या दोन बोटांनी, आमच्या लॅबमध्ये असतो त्या कीबोर्डच्या पद्धतीने, 'अप्पा' असं टाइप केलं. पडद्यावर स्वच्छ 'अप्पा' उमटलं. ते खूश झाले. निळी नोटीस गेली होती. मीही खूश होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. लॅबमध्ये प्रॅक्टिकल परीक्षा होत्या, मी पोरांच्या गोंधळात होते, माझ्या लक्षातच आलं नाही. दुपारी भावाचा फोन आला. "ताई, अप्पांनी मला फोन केला होता. ये म्हणाले, घेऊन जा म्हणाले. स्वतःहून. मी संध्याकाळी गाडी घेऊन येतोय." त्याचा आवाज हलका झाला होता. मला काहीच उमगेना. परीक्षा दुसऱ्याच्या गळ्यात मारून मी टॅक्सी केली.

खोलीचं दार उघडं होतं. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून खाटेवर बसले होते, पायाशी भरलेली बॅग. पाण्याचं पिंप उपडं करून ठेवलं होतं. तुळस टोकाच्या काकूंकडे दिली होती. दूधवाल्याला उद्यापासून नको म्हणून सांगून झालं होतं. शब्द दिला म्हणजे दिला, त्यात चालढकल नाही. मी पाणीसुद्धा न पिता तशीच उभी राहिले.

"बोटं गेली गं," ते म्हणाले.

अशा आवाजात ते आईच्या वेळीही बोलले नव्हते. आई गेली तेव्हा त्यांनी नोटीस टाइप केली, फळ्यावर लावली आणि मग आत येऊन बसले होते.

मी लॅपटॉप उघडला. डोळे मिटून त्यांनी तो मजकूर तीनदा टाइप केला होता. जिथे 'सभासदांना' यायला हवं होतं तिथे 'तफककतलकोहक' असं काहीतरी आलं होतं. पुढचं सगळं तसंच, पानभर. वेड्याने लिहावं तसं. त्यांनी डोळे उघडून ते वाचलं असेल, पुन्हा डोळे मिटून पुन्हा टाइप केलं असेल, पुन्हा वाचलं असेल. मला ते डोळ्यांपुढे आलं.

मग मी नीट पाहिलं. तिन्ही वेळा तेच आलं होतं. अक्षरन् अक्षर तेच. चुकणारा माणूस तीनदा एकसारखं चुकत नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. अप्पांची बोटं टाइपरायटरच्या जागी पडत होती आणि नव्या सिस्टिमवर मी अक्षरं बसवली होती ती आमच्या लॅबच्या तक्त्याप्रमाणे. 'स'च्या जागी 'त', कान्याच्या जागी 'क'. फोटो सांभाळले, नोटिसा सांभाळल्या, आणि ज्या एका गोष्टीवर सगळं अडलं होतं ती पुसून टाकली. बटणांकडे बघून टाइप करणाऱ्या माणसाला हे सुचणारच नव्हतं.

मी काही बोलणार तेवढ्यात भाऊ आला. मी त्याला गॅलरीत ओढलं आणि सांगितलं. तो कठड्याला टेकून खाली चौकात बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "त्यांना सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग सांगू नकोस."

मी त्याच्याकडे बघतच राहिले.

"अशी बघू नकोस ताई. दोनदा गॅस उघडा राहिला. तिसऱ्यांदा काय होईल ते तुला माहितीये आणि मलापण. दीड वर्ष मी रात्रीचा फोन उशाशी घेऊन झोपतोय. ते आपणहून बॅग भरून बसलेत. देवाने दिलंय ते घे ना. तुझ्या मशीनने एक काम बरं केलं."

तो चुकीचं काहीच बोलत नव्हता, हीच पंचाईत होती. मलाही ते वडाळ्यालाच हवे होते. तिथे लिफ्ट होती, सून प्रेमळ होती, खाली बाग होती. मी गप्प बसले असते तर अर्ध्या तासात सगळं पार पडलं असतं. पण आत खाटेवर बसलेला माणूस आपलं डोकं गेलं असं समजून बसला होता, आणि ते माझ्या हातून झालं होतं. हा रडीचा डाव होता. मला तो खेळवेना.

"मी सांगणार," मी म्हटलं.

"मग पुढचं तूच निस्तर," तो म्हणाला, आणि बॅग न घेताच जिना उतरला. दोन पायऱ्या उतरून परत वर आला, आत जाऊन अप्पांच्या पाया पडला आणि मग गेला.

अप्पांना पटवणं सोपं गेलं नाही. "तुमची बोटं बरोबर आहेत, अप्पा. अक्षरांच्या जागा मी बदलल्या," असं मी तीन-चार प्रकारे सांगितलं. ते ऐकून घेत होते, पण समजूत घालायला आलेल्याकडे आजारी माणूस बघतो तसे माझ्याकडे बघत होते. "माझं मन राखू नकोस," ते म्हणाले. "मी काही रडत नाहीये." मी ती रात्र तिथेच काढली. पिंप पुन्हा भरलं. दूधवाल्याला निरोप दिला.

लॅमिंग्टन रोडचं ते सॉफ्टवेअर नव्या सिस्टिमवर चालणारं नव्हतं, म्हणून सकाळी मोबाइलच्या इंटरनेटवर टाइपरायटरचा तक्ता शोधायला बसले. हिंदीचा मिळाला. मराठी टाइपरायटरचा बराचसा तसाच, पण काही अक्षरं इकडची तिकडे. जुन्या सिस्टिमवर असते तर इथेच हात टेकले असते. ही उघडी होती. तक्ता म्हणजे एक साधी फाइल, तिच्यात आपल्याला हवं ते अक्षर हव्या त्या बटणावर लिहिता येतं. प्रश्न एवढाच होता की कोणतं अक्षर कुठे हे मला माहीत नव्हतं, आणि अप्पांनाही सांगता येत नव्हतं.

"'ळ' कुठे असतो?" मी विचारलं.

ते विचारात पडले. आठवेना तसा चेहरा कसनुसा झाला. मला वाटलं, आता हे पुन्हा खचणार.

"सांगू नका," मी म्हटलं. "डोळे मिटा आणि टाइप करा. 'टिळक पूल'."

त्यांनी डोळे मिटले. लॅपटॉप माझ्यापुढे होता, त्यांच्यापुढे नुसता पाट. दोन्ही हात पाटावर आले आणि बोटं चालायला लागली. मी बघत होते कोणतं बोट कुठे पडतंय. 'क्ष' साठी मी 'रिक्षा' म्हटलं, 'ज्ञ' साठी 'सुज्ञ'. ते पाटावर टाइप करत गेले, मी फाइलमध्ये लिहीत गेले. त्यांच्या तोंडाला जे ठाऊक नव्हतं ते बोटांना ठाऊक होतं. मला तेव्हा त्याचं कौतुकच वाटलं. त्याचा अर्थ काय ते माझ्या ध्यानात आलं नाही.

दुपारपर्यंत तक्ता बसला. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी शर्टाच्या बाह्या नीट केल्या, डोळे मिटले आणि सुरुवात केली. मी मागे उभी होते. पडद्यावर 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की' असं सुबक, एकामागोमाग एक अक्षर उमटत गेलं. त्या खोलीत इतक्या दिवसांत काही बरं घडलं नव्हतं.

पण ते ठरलेल्या मजकुरावर थांबले नाहीत. आनंद झाला असावा. त्यांनी अख्खी नोटीस काढली. येत्या रविवारी सकाळी ठीक दहा वाजता वाडीच्या चौकात, डॉक्टरसाहेबांच्या अध्यक्षतेखाली, सर्वसाधारण सभा. विषय: नळाच्या पाण्याची वेळ बदलणे. सर्व मजल्यांवरील सभासदांनी वेळेवर उपस्थित राहावे. खाली गणसंख्येचं वाक्य, त्याखाली चिटणीस.

डोळे उघडून त्यांनी वाचलं, सावकाश, ओळीवरून बोट फिरवत. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी.

"बघ," ते म्हणाले. "एक तरी चूक आहे का?"

नव्हती. डॉक्टरसाहेब म्हणजे तळमजल्यावर दवाखाना असलेले. मी कॉलेजात होते तेव्हा ते गेले, आणि त्यांच्या दुखवट्याची नोटीस याच माणसाने टाइप केली होती. सर्व मजले म्हणजे लाल आकडे घातलेली दारं. पाण्याची वेळ कोणासाठी बदलायची होती?

मला सांगायला हवं होतं. काल डोकं ठीक नाही असं वाटून बसलेल्या माणसाला मी हट्टाने ओढून आणलं होतं, भावाशी भांडून, तक्ता बसवून. आणि आता माझ्यापुढे एक निर्दोष नोटीस होती. बोटं शाबूत होती. डोकं कधीचं वेगळ्या वाटेने चाललं होतं, आणि 'आज शाबूत' ऐकून मी रोज निवांत होत होते. त्या क्षणी मला माझ्या हुशारीचा, त्या तक्त्याचा, त्या फुकटच्या सिस्टिमचा, सगळ्याचा संताप आला.

"चूक नाही," मी म्हटलं.

"मग मी इथेच," अप्पा म्हणाले. त्यांनी स्वतः भावाला फोन लावला आणि "आज शाबूत" असं सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जा, फळ्यावर लाव."

मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढली. दुकानदार आमच्या वाडीचाच जुना. त्याने कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि कागदाची नीट घडी घालून दिली. मी ती फळ्यावर लावली. चार टाचण्या लागल्या, कारण फळ्याचं लाकूड भुसभुशीत झालं होतं.

घरी पोचल्यावर भावाला फोन करून मी नोटीस अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवली. डॉक्टरसाहेबांचं आलं तेव्हा त्याने ती ओळ पुन्हा वाचायला लावली. माझं वाचून झाल्यावर म्हणाला, "रविवारी मी येतो."

रविवारी मी पोचले तेव्हा अप्पा चौकात होते. खोलीतून एक टेबल आणि प्लास्टिकच्या चार खुर्च्या खाली आणल्या होत्या. एकट्याने कशा आणल्या कोण जाणे. टेबलावर नोटिशीची प्रत, तिच्यावर पेपरवेट म्हणून आईचा पितळी अडकित्ता. अध्यक्षांची खुर्ची मधोमध, स्वतःची तिच्या डावीकडे. भाऊ समोर येऊन बसला होता. मी त्याच्या शेजारी बसले. टोकाच्या काकू वरच्या गॅलरीत कठड्याशी उभ्या होत्या. त्यांचे गुडघे जिना उतरू देत नाहीत.

दहा वाजले. अप्पांनी घड्याळ पाहिलं, जिन्याकडे पाहिलं. मग उभे राहून खणखणीत आवाजात म्हणाले, "गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब," आणि खाली बसले.

अर्धा तास आम्ही तिघं तसेच बसून राहिलो. भाऊ मोबाइल बघत नव्हता, हे मला आठवतंय. कबुतरं या मजल्यावरून त्या मजल्यावर जात होती. अप्पा एकेका दाराकडे बघत होते, तळमजल्यापासून वर, डावीकडून उजवीकडे, जसे पूर्वी वर्गणीला निघाले की जायचे तसे. लाल आकड्यांवर त्यांची नजर अडत होती. दवाखान्याच्या दारावर ती बराच वेळ थांबली. तिथे पत्रा ठोकला होता.

"डॉक्टर यायचे नाहीत का गं?" त्यांनी विचारलं.

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही अप्पा. ते गेले. बरीच वर्षं झाली."

ते अडकित्त्यावर हात ठेवून बसले. "त्यांची नोटीस मीच काढली असेल."

"हो."

"आणि ही पण मीच."

"एकही अक्षर चुकलं नव्हतं, अप्पा," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावर घाबरल्याचं काही नव्हतं. हिशेब लागल्यावर माणूस दिसतो तसे ते दिसत होते, आणि मला ते बघवत नव्हतं. त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. अर्धा तास झाला होता. ते उठले, बुशशर्ट खाली ओढला, टेबलावरची नोटीस उपडी घातली आणि रिकाम्या चौकाकडे बघून बोलू लागले.

"तहकूब सभा त्याच ठिकाणी पुन्हा सुरू करतो. गणसंख्येची अट नाही. अध्यक्ष हयात नसल्याने सभेचं काम चिटणीस पाहतील. विषय एकच आहे." ते थांबले. मला वाटलं, शब्द हरवला. पण त्यांना शब्द जुळवायचा होता. "या वाडीच्या चिटणिसांना यापुढे काम झेपणार नाही, सबब त्यांनी खोली सोडून मुलाकडे वडाळ्यास राहण्यास जावं, असा ठराव मी मांडतो. सूचक मी. अनुमोदन कोणाचं?"

दीड वर्ष हेच मागत असलेला माझा भाऊ खाली मान घालून आपल्या चपलांकडे बघत बसला. त्याचे खांदे हलत होते. वर काकूंनी पदर तोंडाला लावला होता. अप्पा वाट बघत होते, तोंडावर सभेचा भाव घेऊन, आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे.

मी हात अर्धवट वर केला.

"असं बसून नाही," ते म्हणाले. "अनुमोदन उभं राहून द्यायचं असतं."

मी उभी राहिले.